शोभेच्या झाडांचं प्रशिक्षण: वर्ग भरण्याआधी रोपवाटिका भरा

प्रौढांसाठी बागकामाचा व्यवसाय प्रशिक्षण वर्ग काढायचा ठरला की बहुतेक आयोजक अभ्यासक्रम लिहायला बसतात. पहिल्या आठवड्यात वनस्पतीची ओळख, दुसऱ्यात माती, तिसऱ्यात खतं. कागदावर सगळं रीतसर दिसतं. मग कुंडी बदलण्याचा धडा येतो आणि मुळं गच्च झालेलं एकही झाड हाताशी नसतं. छाटणी शिकवायची असते, पण बाग दाखवण्यासारखी असावी म्हणून कुणीतरी सगळी झुडपं नुकतीच कातरलेली असतात. सुतारकामाच्या वर्गाला लाकूड सकाळी आणून दुपारी कापता येतं. इथे शिकवण्याचं सामान तीन-चार महिने आधी पेरावं लागतं, आणि म्हणून पहिला विद्यार्थी येण्याआधीच्या तयारीवर या लेखात जास्त भर आहे.

काम देणारे काय मागतात ते आधी पाहा

शोभेच्या झाडांचं क्षेत्र बाहेरून एकच वाटतं, पण त्यात निरनिराळे धंदे आहेत: रोपवाटिका, बाग तयार करून देणारे कंत्राटदार, संस्थांच्या आणि निवासी संकुलांच्या बागांची देखभाल, कार्यालयांना भाड्याने कुंड्या पुरवणारे, कापलेल्या फुलांचं उत्पादन. रोपवाटिकेत दिवसभर रोपं भरणारा माणूस आणि हिरवळ सांभाळणारा माणूस यांच्या कामात सामाईक गोष्टी तुम्हाला वाटतात त्यापेक्षा कमी असतात.

तुमच्या परिसरातल्या अशा दहा-बारा ठिकाणी जा. मालकाला ‘कोणती कौशल्यं हवीत’ असं विचारलं तर उत्तर एकच मिळतं: मेहनती माणूस हवा. त्याऐवजी विचारा, ‘नवा माणूस पहिल्या आठवड्यात काय बिघडवतो?’ मग खरी यादी बाहेर पडते. पाणी जास्त घालतो, लेबलं मिसळून टाकतो, यंत्रात चुकीचं इंधन भरतो, तण म्हणून रोपच उपटतो. ही यादी म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमाचा पहिला मसुदा समजा.

हेच जरा शिस्तीत करायचं असेल तर डेकम नावाची पद्धत वापरा. ती 1960च्या दशकात कॅनडात आकाराला आली आणि व्यवसाय शिक्षणात आजही चालते. प्रत्यक्ष काम करणारी पाच ते बारा कुशल माणसं एका खोलीत बसवायची, आणि त्यांच्याकडून कामाचे मोठे भाग व प्रत्येक भागातली सुटी कामं भिंतीवर कार्डं लावून काढून घ्यायची. साधारण दोन दिवस लागतात. अट एवढीच, की खोलीत मालक आणि प्राध्यापक कमी, हात मातीत असणारे जास्त. मालक बोलायला लागला की माळी गप्प होतात.

यादी आली की कात्री चालवा. पहिल्या तुकडीसाठी एक मुख्य वाट निवडा, फार तर दोन. रोपवाटिका, हिरवळ, पुष्परचना, बोन्साय, गच्चीवरची बाग असं सगळं कोंबलेला वर्ग जाहिरातीत उठून दिसतो, पण त्यातून बाहेर पडलेल्याला कशाचंच काम बिनधास्त सोपवता येत नाही.

किती तास, कोणत्या वेळी

एका वाटेसाठी 300 ते 400 तास धरा, त्यातले निदान दोन-तृतीयांश हाताने करायचे. पूर्णवेळ घेतला तर हे तीन महिन्यांत बसतं. नोकरी सांभाळून येणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळ आणि सुट्टीचा एक पूर्ण दिवस असं गणित मांडा. मात्र संध्याकाळचे तास तिथे फुकट जातात, जिथे शिकवायचं काम सकाळचं असतं. पाणी देणं, फुटवे आणि फांद्या कापून आणणं, फुलं तोडणं ही उन्हं चढण्याआधीची कामं आहेत. संध्याकाळी हिशेब, ओळख, आराखडा वाचन घ्या.

मला स्वतःला थोडा लांबवलेला वर्ग जास्त पटतो. सहा महिन्यांत विद्यार्थ्याला स्वतः लावलेलं झाड फुलताना दिसतं आणि स्वतः केलेली चूक पिवळी पडतानाही दिसते. सहा आठवड्यांच्या धावत्या वर्गात दोन्ही दिसत नाहीत.

जागा: आधी पाणी, मग बाकीचं

जागा ठरवण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या. क्षार जास्त असलेल्या पाण्यावर रोपवाटिका चालवणं म्हणजे रोज नवं दुखणं, आणि विद्यार्थ्यांना पानांच्या करपलेल्या कडांचं खरं कारण समजावता समजावता तुम्ही थकाल. विद्युतवाहकता (क्षार किती याचं माप) आणि सामू (पीएच) हे दोन आकडे तरी हातात हवेत. कोकोपीटसारख्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) मातीविरहित माध्यमाचा सामू साधारण 5.5 ते 6.5 या पट्ट्यात ठेवतात. पाणी अल्कधर्मी असेल तर हा आकडा हळूहळू वर सरकतो आणि नवी पानं शिरा हिरव्या राहून पिवळी पडू लागतात. लोह कुंडीत असतं, पण झाडाला ते घेता येत नाही.

सोळा जणांच्या तुकडीला काय लागतं? प्रत्येकाला उभ्याने काम करता येईल अशी टेबलं, कमरेच्या उंचीची, म्हणजे साधारण 75 ते 90 सेंटिमीटर. प्रौढांच्या पाठी आणि गुडघे विशीतल्या मुलांसारखे नसतात, आणि तासन्‌तास उकिडवं बसवलं तर पन्नाशीची चांगली विद्यार्थिनी तिसऱ्या आठवड्यात यायची थांबते. शेडनेटची एक जागा, शक्यतो निम्म्या सावलीची. कलमांसाठी एक दमट कोपरा. तिथे धुकं सोडणारी यंत्रणा नसली तरी बांबूच्या कमानींवर पारदर्शक प्लॅस्टिक टाकून काम भागतं. उघड्यावर जमिनीचे वाफे आणि हिरवळीचा एक तुकडा. बंद खोली लहान असली तरी चालेल.

आणखी दोन जागा हव्यात, ज्या कोणत्याच आराखड्यात नसतात. एक म्हणजे मुद्दाम वाढू दिलेलं कुंपण आणि काही बेशिस्त झुडपं. त्यांना कुणी हात लावायचा नाही, अशी पाटीच लावा. दुसरी म्हणजे आजारी झाडांचा कोपरा. पिठ्या ढेकूण, मावा, कोळी, भुरी, पाणी जास्त होऊन कुजलेली मुळं, खत जास्त होऊन करपलेलं झाड, हे सगळं पडद्यावरच्या चित्रात पाहणं आणि भिंगातून पान उलटं करून पाहणं यात फार फरक आहे. हा कोपरा बाकी रोपांपासून दूर आणि तिथून वारा रोपांकडे येणार नाही अशा बाजूला ठेवा, तिथली हत्यारं वेगळी ठेवा, आणि तिथून कुणी थेट कलमांच्या टेबलाकडे यायचं नाही हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. नियम पाळण्यातूनच अर्धा धडा होतो.

उलटं कॅलेंडर

या सगळ्या खटाटोपाचा कणा हा आहे. वर्गाचे आठवडे कागदावर आडवे मांडा. प्रत्येक आठवड्याखाली लिहा: त्या दिवशी कोणतं झाड कोणत्या अवस्थेत हातात हवं, आणि ते तसं हवं तर कधी लावलं पाहिजे. मग तारखा मागे मोजत जा.

पेटुनियाचं उदाहरण घ्या. बी धुळीसारखं बारीक, उजेडात उगवतं, म्हणून झाकायचं नाही. पेरणीपासून फूल यायला साधारण दहा ते बारा आठवडे. आठव्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी फुललेल्या रोपांचा वाफा भरायचा असेल तर पेरणी वर्ग सुरू होण्याच्या दोन ते चार आठवडे आधी तुमच्या माणसांनी करायची. झेंडू त्याहून बराच लवकर येतो. तो पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या हातून पेरा. बी मोठं, चुकायला जागा कमी, आणि आठवड्याच्या आत उगवलेलं दिसतं. पहिल्या आठवड्यात माणसाला काहीतरी साधल्यासारखं वाटायला हवं.

शेवंतीची गंमत वेगळी. बहुतेक जाती रात्र मोठी झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत. हंगाम चुकला तर झाड हिरवंगार वाढत राहतं आणि फुलांचा धडा कधीच येत नाही. ज्यांना हंगामाबाहेर शिकवायचं आहे त्यांनी एक टेबल रोज ठरल्या वेळी काळ्या कापडाने झाकायची सोय करावी. दिवस-रात्रीच्या लांबीचा परिणाम दाखवायला याहून चांगला प्रयोग नाही: अर्धी झाडं झाकलेली, अर्धी उघडी.

कॅलेंडर मांडल्यावर एक गोष्ट आपोआप लक्षात येते. धड्यांचा क्रम सोपं ते कठीण असा लावून चालत नाही. झाडाला जिथे जास्त वेळ लागतो, तो धडा आधी. गुटी कलमाला, म्हणजे झाडावरच असलेल्या फांदीची साल वलयासारखी काढून तिथे ओलं शेवाळ बांधलं की, मुळं फुटायला झाडाप्रमाणे एक ते दोन महिने किंवा जास्तही लागतात. हा धडा पुस्तकात शेवटच्या प्रकरणात असतो, म्हणून शेवटी घेतला जातो, आणि विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन गेल्यावर गुटीला मुळं येतात. ती दुसऱ्या आठवड्यात बांधून घ्या. सालीचं वलय काढताना हात थरथरेल, काही गुट्या सुकतील, पण उरलेल्या त्यांच्याच हातांनी उतरवल्या जातील. गुलाबाचा डोळा भरणं, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या खोडावर (खुंटावर) बसवणं, हेही तसंच. खुंटाची साल सहज सुटते तेव्हाच ते जमतं, तेव्हा तारीख तुम्ही ठरवत नाही, खुंट ठरवतो.

हिशेबापेक्षा किमान एक-तृतीयांश रोपं जास्त धरा. शिकणाऱ्या हातांखाली रोपं मरतात, आणि ती मरायलाच हवीत. फक्त दुसऱ्या प्रयत्नासाठी शिल्लक असावीत.

एक धडा जवळून

फांदी कलमाचा धडा कसा घ्यावा ते सविस्तर सांगतो, कारण बाकी बहुतेक धडे याच साच्यात बसतात.

क्रोटन किंवा जास्वंद घ्या. मातृवृक्षांना (ज्यांच्या फांद्या घ्यायच्या त्या झाडांना) आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी. सकाळी शिक्षक न बोलता एक कलम पूर्ण करून दाखवतो, नेहमीच्या वेगाने. मग तेच सावकाश, बोलत: दहा ते पंधरा सेंटिमीटरची फांदी, पेराच्या लगेच खाली तिरका काप, वर सरळ काप. म्हणजे वरची आणि खालची बाजू ढिगातही ओळखता येते. खालची पानं काढायची, वरची मोठी पानं अर्धी कापायची. संजीवकाच्या (मुळं फुटायला मदत करणाऱ्या) भुकटीत तळ टेकवायचा आणि जास्तीची झटकायची. माध्यमात आधी काडीने भोक पाडायचं, मग फांदी सोडायची. थेट खुपसली तर भुकटी तोंडाशीच पुसली जाते. बोटांनी दाबायचं, पाणी, लेबल. लेबलावर झाडाचं नाव, तारीख आणि करणाऱ्याचं नाव.

नंतर प्रत्येकाने तीस कलमं करायची. पहिल्या पाचांवर शिक्षक लक्ष ठेवतो, उरलेल्यांत हात बसतो. भुकटीच्या डब्यात थेट फांदी कुणी बुडवू नये, थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्यावी. उरलेली परत डब्यात घालायची नाही. द्रावण वापरत असाल तर लक्षात घ्या, आयबीए हे संजीवक पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालतात. 2000 पीपीएम म्हणजे लिटरला 2 ग्रॅम, तेव्हा 100 मिलिलिटरला 200 मिलिग्रॅम.

रोज उपटून बघायचं नाही, ही सक्ती. साधारण चार आठवड्यांनी फांदी हलकेच ओढून पाहायची. तिने धरून ठेवलं असेल तर मुळं आहेत. मग प्रत्येकाने आपापल्या ट्रेमधली जगलेली कलमं मोजून फळ्यावर आकडा लिहायचा. एकाची सव्वीस, दुसऱ्याची नऊ. आता बोला. सिकेटर (छाटणीची कात्री) बोथट होतं का? कापलेल्या फांद्या उन्हात किती वेळ पडल्या होत्या? ट्रे टेबलाच्या कोरड्या कडेला होता का? दहा मिनिटांच्या या चर्चेत बाष्पोत्सर्जन (पानांतून पाणी उडून जाणं), जखम भरणं, आर्द्रता हे सगळं शास्त्र येतं. ते चार आठवड्यांपूर्वी फळ्यावर सांगितलं असतं तर वहीतच राहिलं असतं. आकडे लिहिताना कुणाची फजिती होणार नाही एवढं मात्र शिक्षकाने सांभाळावं. प्रौढ माणूस शाळेतल्या जुन्या भीतीसकट वर्गात येतो.

हिशेब, नावं आणि ओळख

बागकामाच्या वर्गात गणित नको म्हणणारे भेटतात. पण 3 लिटरच्या 200 कुंड्या भरायच्या तर माध्यम 600 लिटर लागेल, आणि दाबून बसणं-सांडणं धरून सातशेच्या आसपास मागवावं लागेल, हे ज्याला कळतं तो मुकादम होतो. लिटरला 2 मिली औषध असेल तर 15 लिटरच्या पंपात किती? 120 चौरस मीटर हिरवळीला चौरस मीटरमागे 30 ग्रॅम खत, म्हणजे 3.6 किलो. हे हिशेब खोलीत बसून सोडवू नका, मोजपात्र आणि काटा हातात देऊन टेबलापाशीच करून घ्या.

वनस्पती ओळख ही वर्गातली सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात पैसे मिळवून देणारी गोष्ट. लंडनमधल्या क्यू उद्यानात माळ्यांना शिकवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या ओळख चाचण्या आजही धसका घेण्यासारख्या असतात. तुमच्याकडे आठवड्याला आठ-दहा झाडं पुरेत. फांद्यांना क्रमांक लावून मांडा. स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, ऊन की सावली, पाणी किती, एवढं लिहायला सांगा. शास्त्रीय नावाला लोक बिचकतात. फायकस बेंजामिना म्हटलं की कुठल्याही रोपवाटिकेत तेच झाड मिळतं, स्थानिक नाव मात्र गाव बदललं की बदलतं, हे एकदा सांगितलं की बिचकणं कमी होतं. लिहिता न येणाऱ्यांची चाचणी तोंडी घ्या.

शिक्षक

एक माणूस सगळं शिकवू शकेल अशी आशा ठेवू नका. पदवीधराला सांगता येतं पण हात सावकाश चालतो. जुन्या माळ्याचा हात चालतो पण ‘असंच करायचं’ यापलीकडे शब्द येत नाहीत. दोघांची जोडी लावा आणि मानधनात फार तफावत ठेवू नका. माळ्याला कमी पैसे दिले तर विद्यार्थ्यांच्याही लगेच लक्षात येतं की इथे हाताच्या कामाची किंमत काय आहे.

सुरक्षितता

याला एक स्वतंत्र दिवस द्या आणि मग रोज पाच मिनिटं. धनुर्वाताची लस झाली आहे का ते प्रवेशाच्या वेळीच विचारा. माध्यमाच्या पिशव्या तोंडासमोर धरून फाडू नयेत आणि कोरडं माध्यम आधी ओलसर करावं: लिजिओनेला लाँगबीची हा जिवाणू कुंडीच्या मिश्रणात आढळतो आणि त्यातून न्यूमोनिया झाल्याच्या नोंदी आहेत. कण्हेर सर्वांगाने विषारी, तिच्या फांद्या जाळू नयेत. डाइफेनबाकिया आणि युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर काय करायचं, हे हातमोजे वाटण्याआधी सांगायचं. कीडनाशक फवारणीला बऱ्याच देशांत प्रमाणपत्र लागतं. तुमच्याकडचा नियम पाहा, आणि तोवर फवारणीचा सराव साध्या पाण्याने घ्या. पानाच्या खालच्या बाजूला पाणी पोचलं का एवढं पाहिलं तरी सराव पुरतो.

रोग पसरू नयेत म्हणून एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना सिकेटर 70 टक्के अल्कोहोलने पुसण्याची सवय लावा. आणि सिकेटर प्रत्येकाला स्वतःचं द्या, शक्यतो वर्ग संपल्यावर घरी नेण्यासाठी. बाकी हत्यारं सामाईक चालतात. धार लावायला शिकवणं विसरलं जातं. ते दुसऱ्याच आठवड्यात घ्या.

प्रवेश

मुलाखतीऐवजी अर्ध्या दिवसाचं खरं काम द्या: कुंड्या भरा, तण काढा, उन्हात उभे राहा. बागकाम म्हणजे फुलं अशी कल्पना करून आलेले काही जण तिथूनच परत जातात, आणि ते दोघांच्याही भल्याचं असतं. कोण वेगवान आहे हे पाहू नका. कोण काम संपल्यावर हत्यार धुऊन ठेवतं ते पाहा.

येण्या-जाण्याचं भाडं, लहान मुलांना ठेवायची सोय, बुडणारी मजुरी, या तीन गोष्टींवर प्रौढांचे वर्ग मोडतात. तिन्हींसाठी अंदाजपत्रकात रक्कम हवी. ती नसेल तर तुकडी लहान करा.

पैसा आणि एक मोह

हत्यारांपेक्षा दरमहा संपणाऱ्या गोष्टी खर्चिक पडतात: माध्यम, पिशव्या, बी, लेबलं, हातमोजे. विद्यार्थ्यांनी केलेली रोपं विकून यातलं बरंच निघतं, आणि विक्रीही अभ्यासक्रमाचा भाग धरावी. दर काढणं, ग्राहकाला काळजी सांगणं, मागणी नोंदवणं. मोह इथेच आहे. रोपं खपू लागली की वर्ग हळूहळू फुकट मजुरांची रोपवाटिका होतो. यावर साधा बंध असा: एखादं काम विद्यार्थ्याने नीट जमण्याइतक्या वेळा केलं की त्यापुढे त्याच कामाची मजुरी द्यायची. हे आधी लिहून ठेवा.

परीक्षा आणि नोकरी

शेवटची परीक्षा कामाची. ठराविक वेळात अमुक इतक्या कुंड्या भरणं, एका वाढलेल्या झुडपाची छाटणी, जाड फांदी साल न फाटता तीन कापांत उतरवणं, एका आजारी झाडाचं निदान, एक मोजमाप. वेगाचा आकडा ओळखीच्या रोपवाटिकेतून घ्या आणि नवख्यासाठी त्याचा साठ-सत्तर टक्के धरा. तपासायला काम देणाऱ्यांपैकी दोघांना बोलवा. बऱ्याचदा ते तिथेच माणसं निवडून जातात.

त्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला निदान तीन आठवडे बाहेरच्या ठिकाणी कामाला पाठवा, वर्गाच्या मधल्या टप्प्यात. शेवटी पाठवलं तर तिथे उघडी पडलेली उणीव भरून काढायला वेळ उरत नाही.

तुकडी बाहेर पडली की तीन, सहा आणि बारा महिन्यांनी प्रत्येकाला फोन करा. नोकरी टिकली का एवढंच विचारू नका. वर्गात शिकलेल्यातलं काय एकदाही लागलं नाही आणि काय तिथे जाऊन नव्याने शिकावं लागलं, ते लिहून घ्या. पहिल्या फोनची उत्तरं हाती येईपर्यंत दुसऱ्या तुकडीची पेरणी मात्र थांबवू नका, नाहीतर त्या वर्गाला पुन्हा रिकाम्या टेबलांनी सुरुवात होईल.